दळण न दळता लढाई: बाल्डर्स गेट ३ नव्याने खेळणाऱ्यांसाठी

माझी पहिली पार्टी, म्हणजे चौघांची टोळी, ब्लाइटेड व्हिलेज नावाच्या गावाच्या वेशीवरच गारद झाली. छपरांवर गॉब्लिन तिरंदाज दबा धरून बसलेले, आणि मी खाली रस्त्याच्या मधोमध चौघांना घेऊन मेंढरांसारखा उभा. दोन-तीन टर्नमध्ये खेळ खलास. मग कॉलेजपासून प्रत्येक रोल-प्लेइंग गेममध्ये करत आलो तेच केलं. ‘लेव्हल कमी पडली’ म्हणून मागे फिरलो आणि सुरुवातीच्या किनाऱ्यावर मारायला काही मिळतंय का ते शोधू लागलो. पाऊण तास फिरलो. आधी जिथे लढलो होतो तिथे माझ्याच हातची प्रेतं पडलेली होती. नवं कोणी उगवत नव्हतं.

तेव्हा ट्यूब पेटली. तेच तेच राक्षस पुन्हा पुन्हा मारून लेव्हल वाढवत बसण्याला गेमर मंडळी ग्राइंडिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला कधीचा शब्द आहे: दळण. बाल्डर्स गेट ३ मध्ये जातंच ठेवलेलं नाही. मेलेला शत्रू परत येत नाही, अनुभवाचे गुण म्हणजे एक्सपी मोजके, आणि लेव्हल बाराला थांबते. अडलात तर ताकद वाढवून सुटका नाही, डोकंच चालवावं लागतं. नोकरी आणि घर सांभाळून रात्री दहानंतर दीड तास हाती लागणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार सोयीचं आहे. फक्त पहिले वीस तास कोणीतरी हात धरून न्यायला हवं. मला कोणी नेलं नाही, म्हणून हा लेख.

गेम बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओजचा, ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आलेला. नियम ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेले. तो खेळ कधी पाहिला नसेल तरी काही बिघडत नाही, मीही पाहिला नव्हता.

काय काय लागेल

- १५० जीबी मोकळी जागा, तीही एसएसडीवर. जुन्या हार्ड डिस्कवर टाकलात तर दृश्य उघडेपर्यंत चहा करून होईल.
- किमान ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ९७० च्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड. १६ जीबी रॅम असली तर जिवाला आराम.
- पीसी नसेल तर प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज चालेल. खाली दिलेल्या कळा पीसीच्या आहेत.
- इंग्रजी वाचायची तयारी. मराठी सोडाच, एकही भारतीय भाषा यात नाही. सबटायटल्स पहिल्याच मिनिटाला चालू करा.
- घरात लहान मुलं असतील तर सेटिंग्जमध्ये नग्नता बंद करायचे पर्याय आहेत. ते आधी शोधा. मी नंतर शोधले, आणि त्या संध्याकाळी हॉलमधल्या टीव्हीसमोर आईसुद्धा बसली होती.

स्टीम या ऑनलाइन दुकानातून विकत घेत असाल तर दोन आठवड्यांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झाला असेल तर पैसे परत मागता येतात. पण पात्र बनवण्यातच दोन तास जातात हे लक्षात ठेवा. आधी गेम मशीनवर नीट चालतोय का ते बघा, नाकाचा आकार नंतर ठरवा.

१. काठिण्यपातळी: बॅलन्स्डपासून सुरुवात

एक्सप्लोरर, बॅलन्स्ड, टॅक्टिशियन आणि ऑनर असे पर्याय दिसतील. ‘आव्हान हवंय’ म्हणून थेट टॅक्टिशियन घेऊ नका. तिथे शत्रूंची एचपी (किती मार सोसता येईल तो आकडा) ३० टक्क्यांनी जास्त असते आणि मुक्कामाला दुप्पट शिधा लागतो. नियम शिकण्याआधी हे ओझं कशाला? बॅलन्स्ड घ्या. गेम मध्येच थांबवून पातळी बदलता येते, त्यामुळे हात बसला की चढवा. ऑनरमध्ये एकच सेव्ह असतो. तो पहिल्या खेपेचा प्रकार नव्हे.

२. एका टर्नमध्ये किती मावतं ते बघा

लढाई आळीपाळीने चालते. आपल्या टर्नमध्ये प्रत्येक पात्राला एक अ‍ॅक्शन (हिरवं वर्तुळ), एक बोनस अ‍ॅक्शन (नारिंगी त्रिकोण) आणि चालायला ठरावीक अंतर मिळतं, बहुतेकांना ९ मीटर. शिवाय दुसऱ्याच्या टर्नमध्ये वापरायची एक रिअ‍ॅक्शन.

नवखे लोक वार करतात आणि टर्न संपवतात. नारिंगी त्रिकोण पेटलेलाच राहतो. अर्धा पगार ऑफिसातच विसरून घरी यावं तसं हे. बोनस अ‍ॅक्शनमध्ये औषध पिता येतं, उडी मारता येते, शत्रूला ढकलता येतं, क्लेरिकला (देवाच्या भक्तीतून मंत्र टाकणाऱ्या पात्राला) ‘हीलिंग वर्ड’ हा मंत्र लांबूनच टाकून पडलेल्या मित्राला उठवता येतं. यातलं ‘ढकलणं’ सर्वात जास्त दुर्लक्षित. कड्याच्या टोकाला उभा असलेला शत्रू दरीत गेला की संपला, त्याची एचपी कितीही असो. (त्याच्या अंगावरचा मालही दरीत जातो, एवढाच तोटा.)

रिअ‍ॅक्शनच्या यादीत जाऊन महत्त्वाच्या रिअ‍ॅक्शन ‘विचारून करा’ या पर्यायावर ठेवा. नाहीतर फुटकळ कारणावर त्या आपोआप खर्च होतात.

३. दान किती टक्क्यांचं आहे ते वाचा

प्रत्येक वार म्हणजे वीस बाजूंच्या फाशाचं एक दान. त्यात तुमचे अधिकचे आकडे मिळवायचे आणि बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासइतकी (त्याला वार लागणं किती अवघड तो आकडा) किंवा जास्त आली तर वार लागला. शत्रूवर माऊस नेला की लागण्याची शक्यता टक्क्यांत दिसते. हा एवढा आकडा वाचायची सवय लावलीत तर निम्मा गेम जिंकलात.

एक उदाहरण कागदावर करून बघू. शत्रूचा आर्मर क्लास १५, तुमचे अधिकचे ५. म्हणजे फाशावर १० किंवा वर हवेत, वीसपैकी अकरा दानं. शक्यता ५५ टक्के. आता लेव्हल तीच, तलवार तीच, फक्त:

- धनुष्यवाला उंच जागेवर चढला: अधिक २, म्हणजे ६५ टक्के.
- क्लेरिकने ‘ब्लेस’ टाकला: प्रत्येक दानात आणखी एका चार बाजूंच्या फाशाची भर, सरासरी साडेसदुसष्ट टक्के. तेही एकाच मंत्रात तिघांना.
- अ‍ॅडव्हान्टेज मिळाला (लपून वार केला, शत्रू पडलेला असताना जवळून मारलं वगैरे): दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. शक्यता जवळजवळ ८० टक्के.

५५ वरून ८० वर जायला दुसऱ्या गेममध्ये मी एखादा आख्खा रविवार दळत बसलो असतो. इथे एक शिडी चढली किंवा एक मंत्र टाकला की काम होतं.

४. लढाई सुरू होण्याआधीच जागा धरा

हा भाग सावकाश वाचा, कारण माझ्या बहुतेक लढाया इथेच हरल्या गेल्या.

तुम्ही कोणाशी बोलायला गेलात की मागची तिघं तुमच्या पाठीला चिकटून उभी राहतात. बोलणं फिसकटलं की चौघे एकाच ठिकाणी, शत्रू चारी बाजूंना. एकच स्फोट आणि सगळे आडवे. यावर उपाय म्हणजे ‘जी’ (G) ही कळ दाबून पार्टी सुटी करा. बोलायला एकालाच पाठवा, ज्याचा करिश्मा (माणसं पटवायचा गुण) चांगला त्याला. बाकीच्यांना आधीच छपरावर, दाराआड, झाडामागे नेऊन ठेवा. सी दाबलं की लपतात, शिफ्ट धरून ठेवलं की शत्रूची नजर कुठवर पोचते ते लाल दिसतं. एक जण बोलत असताना दुसऱ्या पात्रावर जाऊन त्याला हलवताही येतं. हे मला चाळीस तासांनी कळलं.

लपलेल्या अवस्थेतून पहिला वार केलात आणि शत्रू बेसावध सापडला तर त्याची पहिली टर्न वाया जाते. म्हणजे चार जणांची एक पूर्ण फेरी फुकट. क्रम ठरतो तो चार बाजूंच्या फाशावर, अधिक डेक्स्टेरिटीचा, म्हणजे चपळाईचा, बोनस. फासा लहान, त्यामुळे डेक्स्टेरिटी चांगली असलेले जवळजवळ दरवेळी आधी खेळतात. पहिली चाल ज्याच्या हातून करायची आहे त्याची डेक्स्टेरिटी बघून ठेवा.

ब्लाइटेड व्हिलेजच्या वेशीवर मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा लेव्हल तीच होती. या वेळी माझ्या चौघांपैकी अ‍ॅस्टेरियन बाजूने वळसा घालून छपराच्या उंचीवर, लाएझेल घराच्या कोपऱ्याआड, शॅडोहार्ट मागे, आणि गेल ‘स्लीप’ मंत्र घेऊन तयार. पहिल्याच फेरीत दोन गॉब्लिन घोरत पडले, एकाला छपरावरून खाली ढकललं. उरलेल्यांना रस्त्यावरून फक्त लाएझेल दिसत होती, तिच्यावर तुटून पडायला ते एकेक करून कोपऱ्यावर आले. (या गॉब्लिनांना बोलून वाटेला लावता येतं हेही नंतर कळलं. न लढता प्रश्न सोडवल्याचा, नवी जागा शोधल्याचा, काम पूर्ण केल्याचा एक्सपी मिळतो. पाचव्या लेव्हलला लागणारे ६,५०० एक्सपी नुसत्या तलवारीने जमवायचे नसतात.)

५. गडी बाद करा, दमवू नका

कबड्डी बघणाऱ्याला हे सांगायला नको. दमलेला गडी मैदानातच असतो, बाद झालेला बाहेर बसतो. इथेही दोन एचपी उरलेला शत्रू पूर्ण ताकदीने वार करतो. चौघांनी चार वेगवेगळ्या शत्रूंना निम्मं निम्मं जखमी केलंत तर पुढच्या फेरीत सगळेच्या सगळे तुमच्यावर वार करणार. चौघांनी मिळून दोघांना संपवलंत तर दोन वार कमी. एवढं साधं आहे, पण हात शिवशिवतात आणि प्रत्येक जण समोरच्यालाच मारतो.

आधी कोण? मंत्र टाकणारे, मग तिरंदाज, शेवटी तो दांडगा चिलखतवाला. दांडग्याला मारण्याऐवजी अडकवा. ‘होल्ड पर्सन’ने माणूस जागच्या जागी थिजतो आणि त्या अवस्थेत जवळून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे फाशांचं नुकसान दुप्पट.

इथेच कॉन्सन्ट्रेशनचं समजून घ्या, कारण गेम ते धड सांगत नाही. ब्लेस, होल्ड पर्सन, वेब, हेस्ट असे मंत्र चालू ठेवायला एकाग्रता लागते. एका वेळी एकच. दुसरा टाकलात की पहिला गुपचूप उतरतो. आणि मंत्र टाकणाऱ्याला मार बसला की एकाग्रता मोडू शकते. म्हणून ब्लेस टाकून क्लेरिकला पुढे घुसवू नका. हाच नियम शत्रूलाही लागू. त्याच्या मंत्रवाल्यावर ‘मॅजिक मिसाइल’ सोडा. ते कधीच चुकत नाही आणि प्रत्येक बाणाला त्याला एकाग्रतेची वेगळी परीक्षा द्यावी लागते.

६. जमिनीकडे बघा

या गेममध्ये जमीन नुसती उभं राहायला नाही. तेल सांडलं की पाय घसरतो, त्यावर ठिणगी पडली की पेटतं. पाण्याने भिजलेल्याला वीज आणि थंडी दुप्पट बाधते, उलट आग कमी लागते. म्हणजे पाण्याची बाटली फेकून मारणं हा पोरखेळ नाही, पुढच्या विजेच्या मंत्राची ती तयारी आहे.

मला हे शिकवलं एका कोळिणीने. ब्लाइटेड व्हिलेजच्या विहिरीतून खाली उतरलं की व्हिस्परिंग डेप्थ्स नावाची गुहा लागते. तिथे फेज स्पायडर नावाच्या कोळ्यांची मादी राहते. ती अदृश्य झाल्यासारखी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडते, विष थुंकते, आणि आसपासच्या अंड्यांतून पिल्लं बाहेर पडतात. तीनदा मेलो. जुना मी असतो तर ‘दोन लेव्हल नंतर येऊ’ म्हणून गेलो असतो. चौथ्या खेपेला लढाई सुरू न करता नुसतं लपून बघत बसलो. ती उभी होती कशावर? खोल जागेवर ताणलेल्या जाळ्याच्या पुलावर. जाळं म्हणजे काय तर पेटणारी वस्तू.

आधी कोपऱ्यातली अंडी फोडली. मग गेलला लांब उंचावर ठेवलं आणि मादीवर नेम न धरता तिच्या पायाखालच्या जाळ्यावर साधा ‘फायर बोल्ट’ टाकला. पूल भुरकन जळाला, बाई दाणकन खाली आदळल्या, आणि एचपीच्या पट्टीचा मोठा लचका तुटला. फायर बोल्ट हा पहिल्या लेव्हलपासून फुकट टाकता येणारा मंत्र आहे. पुढेही ती जाळ्यावर चढून बसेल तेव्हा हेच करायचं.

नवीन जागेत शिरलात की ऑल्ट दाबून आजूबाजूच्या वस्तू बघा. पिंपं, डबकी, वर टांगलेलं काही, कठडा नसलेले कडे. गेम बनवणाऱ्यांनी मोठ्या लढाईच्या आसपास उत्तर बहुतेकदा ठेवलेलं असतं. अंडरडार्क या भूमिगत प्रदेशातल्या अ‍ॅडमंटाइन फोर्ज या भट्टीतला ग्रिम नावाचा राक्षस तर नुसत्या तलवारीने फार जिकिरीने मरतो. तो कोणाच्या मागे धावतो (ज्याने शेवटचा वार केला त्याच्या), तिथे लाव्हा कशासाठी आहे आणि मधोमध टांगलेला तो अजस्र हातोडा कशासाठी, एवढं जोडून बघा. बाकीचं मी सांगत नाही, मजा जाईल.

७. झोपा, बिनधास्त झोपा

कथेत सुरुवातीलाच तुमच्या डोक्यात किडा शिरतो आणि सगळे सांगतात, वेळ नाही, काही दिवसांत राक्षस होशील. त्या धास्तीने मी मंत्रांचे स्लॉट (किती मंत्र टाकता येतील तो कोटा) कंजुषासारखे जपले आणि अर्धमेली पार्टी घेऊन फिरलो. त्या किड्याला घड्याळ नाही. लाँग रेस्टने, म्हणजे कॅम्पवर रात्रभर झोपल्याने, सगळी एचपी, सगळे मंत्र परत येतात. बॅलन्स्डवर त्याला ४० शिधा लागतो, आणि खाण्याच्या वस्तू गेमभर इतक्या पडलेल्या असतात की उचलून कंटाळा येईल. उचलल्या की लगेच कॅम्पवर पाठवा, ओझं होत नाही. दोन लाँग रेस्टच्या मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती) मिळतात, तेही वापरा. कॅम्पवर न झोपणाऱ्याला सोबत्यांच्या गोष्टीही कळत नाहीत.

अपवाद मोजके. कुठे आग लागलेली दिसली, कोणी आत्ताच्या आत्ता मरतंय असं दिसलं (उदाहरणार्थ वॉकीन्स रेस्ट ही सराई), तर आधी ते उरका, मग झोपा.

८. पात्र चुकलं असेल तर विदर्स

‘शॅडोहार्टचा एकही वार लागत नाही’ ही प्रत्येक नवख्याची तक्रार. ती अर्ध-एल्फ असल्यामुळे तिला फायर बोल्ट येतो, पण तो चालतो इंटेलिजन्सवर, आणि क्लेरिकची ताकद असते विस्डममध्ये. म्हणून ते दान पडत नाही. तिला ब्लेस आणि हीलिंग वर्डवर ठेवा, की तीच पार्टीचा कणा होते.

नियम एकच: ज्या गुणावर वर्ग (क्लेरिकसारखा पात्राचा प्रकार) चालतो तो आधी वाढवा, आणि सम आकड्यावर थांबा. १६ आणि १७ मध्ये दानाला काही फरक पडत नाही. सुरुवातीच्या किनाऱ्याजवळच्या पडक्या तळघरात विदर्स नावाचा सांगाडा भेटतो. नंतर तो कॅम्पवर येऊन उभा राहतो आणि १०० सोन्याच्या नाण्यांत कोणाही पात्राची घडण पहिल्यापासून बदलून देतो. कितीही वेळा. त्यामुळे पात्र बिघडलं म्हणून गेम पुन्हा सुरू करायची गरज नाही.

९. हमखास ठेच लागते ती ठिकाणं

- ज्याचं प्रशिक्षण नाही असं चिलखत चढवलं की मंत्रच टाकता येत नाहीत. भारी दिसलं म्हणून गेलला घालू नका.
- शत्रूच्या हाताशी असताना चालत दूर गेलात की त्याला फुकट वार मिळतो. आधी डिसएंगेज (तो फुकट वार टाळून मागे सरायची चाल).
- औषधाच्या बाटल्या जपून ठेवून गेम संपवणारे खूप. बाटली प्यायची नसेल तर दोघा जखमींच्या मधे फेका, दोघांनाही लागू पडते.
- कॅम्पवर बसलेले सोबती मागे पडत नाहीत, त्यांनाही तेवढाच एक्सपी मिळतो. म्हणून पार्टी बदलून बघा.
- शत्रूवर राइट क्लिक करून एक्झामिन बघितल्याशिवाय पहिला मंत्र टाकू नका. कशाचा त्याच्यावर परिणाम होत नाही ते तिथे लिहिलेलं असतं.

१०. हरलात तर

लढाईआधी एफ५, हरल्यावर एफ८. पण लोड करून तीच चाल पुन्हा करू नका, तेही एक दळणच. आधी खाली उजवीकडचा कॉम्बॅट लॉग वाचा. पहिला माणूस कोणाच्या हातून पडला? किती टक्क्यांचं दान चुकलं? कोणाची एकाग्रता कधी मोडली? मग पुढच्या खेपेला एकच गोष्ट बदला, बहुतेक वेळा उभं राहायची जागा.

तीन खेपा झाल्या तरी जमत नसेल तर ती लढाई सोडून नकाशाच्या दुसऱ्या बाजूला जा. तिथे गोष्टी बाकी असतात, माणसं बाकी असतात, आणि लेव्हल त्या ओघात वाढते. माउंटन पासच्या वाटेवर गिथयांकी या लढाऊ जमातीची टोळी उभी असते, तिने मला तिसऱ्या लेव्हलला चिरडलं होतं. पाचव्या लेव्हलला लढवय्यांना एका अ‍ॅक्शनमध्ये दोन वार मिळतात आणि गेलच्या हाती फायरबॉल येतो. तेव्हा तिथे पुन्हा गेलो, लाएझेलला (तीही गिथयांकीच) बोलायला पुढे केलं आणि बाकी तिघांना आधीच वरच्या कातळावर चढवून ठेवलं.